हळदीच्या धुळीचा आवाज

मामानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर टॉवेल टाकला, खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि म्हणाला, "हं शालू, मीट डोळे."

मी मिटले. माझं नाव शाल्मली आहे आणि शालू म्हटलेलं मला अजिबात खपत नाही, पण चारूमामाला सगळं माफ होतं. जगात अजून कुणीच ऐकलेलं नाही असं काहीतरी तो मला सगळ्यांच्या आधी ऐकवायचा, त्याच्यापुढे नावाचं काय घेऊन बसता. मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे, प्रिलिम तोंडावर आलीय आणि मी हे लिहीत बसलेय. आईला कळलं तर माझं काही खरं नाही.

चारूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यानं डिप्लोमा अर्धवट सोडलेला, लग्नाचं तर नावच काढायचा नाही, आणि सांगलीच्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहून इलेक्ट्रॉनिक संगीत करायचा. म्हणजे गाणी नव्हेत. विजेच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर, पिठाच्या गिरणीचा पट्टा, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी, असलं काहीबाही तो माइक लावून पकडून आणायचा आणि मग कॉम्प्युटरवर महिना महिना ते ताणायचा, चिरायचा, एकावर एक रचायचा. ऐकता ऐकता गिरणीचा पट्टा पट्टा राहायचाच नाही, एखादं मोठं जनावर अंधारात झोपलंय असं वाटायला लागायचं. बाबा जिन्याखालून ओरडून विचारायचे, "पाव्हणं, तुमचं संगीत चाललंय का आमचा मिक्सर बिघडलाय?" मामा वरून म्हणायचा, "दाजी, मिक्सर. पण छान बिघडलाय." पुण्यात त्याचा एक कार्यक्रम झाला तेव्हा ऐकायला जितकी माणसं आली होती, तितकी आमच्याकडे गौरीला जेवायला असतात.

आणि तो टॉवेल. मामाचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरवर संगीत करणारे लोक संगीत ऐकत नाहीत, बघतात. पडद्यावर रेघा हलताना दिसतात, रंग दिसतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. म्हणून काम संपवायच्या दिवसांत तो पडद्यावर टॉवेल टाकायचा आणि नुसत्या कानांनी शेवटचा हात फिरवायचा. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

त्या वेळचं काम होतं हळदीचं. मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या शेठजींच्या गोदामात त्यानं अख्खा उन्हाळा माइक लावून ठेवले होते. पोती आपटल्याचा आवाज, तापलेल्या पत्र्याची टिकटिक, हमालांच्या हाका, वजनाच्या लोखंडी काट्याचा ठणठणाट. आणि या वेळी सगळं पणाला लागलं होतं. स्वीडनमध्ये हिवाळ्यात अशाच चमत्कारिक संगीताचा एक मोठा महोत्सव भरतो, त्यासाठी आपल्याकडचे कलाकार निवडणाऱ्या केंकरे मॅडम मुंबईहून येणार होत्या. मामाची जुनी कामं त्यांनी इंटरनेटवर ऐकली होती. आता येत्या रविवारी, सौदे बंद असताना, हळदीच्या सौद्याच्या शेडमध्येच कार्यक्रम ठेवला होता. त्यांना आवडलं तर मामा जाणार. नाही आवडलं, तर बाबांच्या ओळखीनं साखर कारखान्यात टाइमकीपरची जागा तयार होती, आणि मामानं बाबांना शब्द दिला होता की मग तो हे सगळं आवरून ठेवील. चाळिशीच्या माणसानं अजून किती दिवस गच्चीवर राहायचं, असं तो स्वतःच म्हणाला होता.

तर मी डोळे मिटले आणि मामानं सुरू केलं.

पहिल्याच सेकंदाला माझ्या डोक्यात सुई गेली. खरोखरची सुई. एक बारीक, अखंड शिट्टी, दाढ दुखताना डोळ्यामागे दुखतं ना, तशी. खाली पोती पडत होती, काटा वाजत होता, ते छानच होतं, पण वरून ही शिट्टी थांबेचना. मी कानांवर हात ठेवले.

मामानं बंद केलं. काय झालं म्हणाला. मी म्हटलं, शिट्टी वाजतेय. कुठे? सगळीकडे. त्यानं वायर बदलली, हेडफोन बदलला, पुन्हा लावलं. शिट्टी तिथेच. तो स्वतः डोळे मिटून ऐकत राहिला, कपाळाला आठ्या घालून, आणि शेवटी हसला. "शालूबाई, काहीही नाहीये."

मी तेव्हा आतासारखी नव्हते. आता कुणी असं म्हटलं तर मी टेबलावर हात आपटून सांगेन. तेव्हा मी फक्त, आहे मामा, असं पुटपुटले आणि रडायच्या बेतात आले. मग मामानं आईला हाक मारली, आईबरोबर बाबाही वर आले, दोघांना ऐकवलं. आई म्हणाली शिट्टीबिट्टी काही नाही, पण बाकीचं भारी झालंय रे. बाबा म्हणाले त्यांना सगळीच शिट्टी वाटते.

तेवढ्यात मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो एकदम खूश झाला. म्हणाला, अरे हो, लहान मुलांना फार वरचे सूर ऐकू येतात, वय झालं की ते जातात. शालूला काहीतरी ऐकू येतंय जे आपल्याला म्हाताऱ्यांना येत नाही. थांबा, खेळच करू. मी एक सूर लावतो, तो आपोआप वर वर चढत जाईल. ऐकू येतोय तोवर बोट वर, येईनासा झाला की खाली.

आम्ही चौघं गादीवर रांगेत बसलो, शाळेत शू लागल्यासारखं एकेक बोट वर करून. सूर निघाला. आधी म्हैस, मग शंख, मग कुकरची शिट्टी. मी मजेत सगळ्यांकडे बघत होते.

कुकरच्या शिट्टीलाच मामाचं बोट खाली आलं.

आईचं वर होतं. बाबांचं वर होतं, आणि बाबांच्या तर कानांत केस आहेत. बाबांनी एक डोळा उघडला. "काय हो पाव्हणं, खेळ मांडणाराच आधी आउट?"

"गंमत केली दाजी," मामा म्हणाला आणि त्यानं बोट पुन्हा वर केलं. पण आता तो ऐकत नव्हता. तो आईच्या बोटाकडे बघत होता. सूर डासासारखा झाला, बाबांचं बोट गेलं, मग बऱ्याच वेळानं आईचं गेलं, आणि आईचं जाताक्षणी मामाचं गेलं. मी एकटी बोट वर करून बसले होते. सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसला.

आईबाबा खाली गेल्यावर त्यानं दार लावलं आणि पडद्यावरचा टॉवेल काढला. आवाज लावला की पडद्यावर रंगीत डोंगरासारखं काहीतरी हलतं, खालचे आवाज खाली, वरचे वर. पार वर, आभाळात, एक पांढरी सरळ रेघ होती. पट्टी ठेवून ओढावी तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही?" मामानं विचारलं.

"हीच असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही गोदामात गेलो. मी दारातच कानावर हात ठेवला आणि सरळ जाऊन भिंतीवरचा डबा दाखवला. प्लगमध्ये खोचलेला, हिरवा दिवा लागलेला. तिथल्या दिवाणजींनी सांगितलं, ते उंदीर पळवायचं यंत्र. उंदरांना त्याचा आवाज सहन होत नाही आणि माणसाला ऐकूच येत नाही, म्हणून तर शेठनी घेतलं. "आमचा नातू म्हणतो मला ऐकू येतं, डोकं दुखतं. म्हटलं गप, शाळा चुकवायची सोंगं." मामानं त्यांच्याकडून चहा घेतला आणि हसून बोलला.

तिथून आम्ही मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं होतं की वायर आणायला चाललोय. डॉक्टरांनी मामाला काचेच्या खोलीत बसवलं, कागदावर आलेख काढला. तो आलेख थोडा वेळ सरळ चालत गेला आणि मग कठड्यावरून पाय घसरावा तसा एकदम खाली गेला. त्यांनी विचारलं, पूर्वी फार मोठ्या आवाजात काम केलंय का. मामा म्हणाला, विशीत असताना दरवर्षी गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असायचो, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून. साउंड मीच लावायचो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कान वाजत राहायचे, आणि ज्याचे कान वाजले नाहीत त्याच्या मंडळाचा साउंड कच्चा, असं आम्ही म्हणायचो.

"या नसा परत येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मशीन देतो. बोलणं चांगलं ऐकू येईल. आता काय काम करता?"

"संगीत," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी तो आलेख उलटा करून ठेवला. मग म्हणाले, बाहेर बसा, कागद तयार करतो.

ती पांढरी रेघ पुसायला मामाला काहीच वेळ लागला नाही. मला वाटलं, झालं, सुटलो. त्यानं पुन्हा लावलं. शिट्टी गेली होती, पण टोचायचं थांबलं नव्हतं. पत्र्याची टिकटिक टाचण्यांसारखी येत होती, काटा तर दातांवर वाजत होता. कारण सरळ होतं, आणि ते मामानंच मला सांगितलं, अगदी शाळेतल्या सरांसारखं. महिनाभर काम करताना त्याला सगळं मळकट वाटत होतं, म्हणून तो रोज थोडी चमक वाढवत होता. रोज थोडी. त्याला पुरेशी वाटेपर्यंत.

"आता मी कमी करत जातो. बरोबर झालं की थांब म्हण."

त्यानं नॉब फिरवला. मी म्हटलं, अजून. पुन्हा फिरवला. अजून. असं करत करत एका ठिकाणी ते इतकं सुंदर झालं, की मी थांब म्हणायचं विसरूनच गेले. पत्रा उन्हात सुस्कारे टाकत होता. पोत्यांच्या तागाचा खरखरीत हात गालावरून फिरतोय असं वाटत होतं. मी डोळे उघडले तर मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"झालं?"

"झालं. मामा, फार भारी झालंय."

"हो का," तो म्हणाला. "मला आता नुसती आपटाआपट ऐकू येतेय."

मग त्यानं मला कामाला लावलं. कार्यक्रमात आवाज जागेवर, हातानं कमीजास्त करायचे असतात, कारण प्रत्येक जागा वेगळी घुमते. बाकीचं सगळं मामा करणार, माझ्या हाताखाली एकच नॉब, वरच्या आवाजांचा. शेवट असा होता: हाका, पोती, काटा, पत्रा, मामा एकेक करून काढून घेत जाणार. हळकुंडं ओतून झाली की पोत्यातून नुसती धूळ खाली झरते, तिचा आवाज त्यानं उन्हाळ्यात कधीतरी पकडला होता. सगळं गेल्यावर तेवढा क्षणभर राहणार. मामा माझ्याकडे बघणार, मी नॉब खाली आणणार, संपलं. घरी आम्ही हे कितीतरी वेळा केलं आणि दरवेळी बरोबर झालं. आईला वाटत होतं भाचीचं कौतुक चाललंय. तिनं मला त्या दिवसासाठी नवा कुर्ता शिवला, हळदीच्या रंगाचा.

रविवारी संध्याकाळी शेड भरली होती. हमाल पोत्यांच्या थप्प्यांवर पाय सोडून बसले होते, व्यापारी खुर्च्यांवर, कॉलेजची मुलं खाली जमिनीवर. केंकरे मॅडम पहिल्या रांगेत, पांढरे कापलेले केस, चप्पल काढून मांडी घालून बसलेल्या. चारी खांबांना स्पीकर होते. बाबा मला कानात म्हणाले, बिघडला तर मिक्सर बदलून देतो.

आणि काय सांगू, काय वाजलं ते. मामाचे हात टेबलावर असे चालत होते की जणू तो पीठ मळतोय. हमालांना स्वतःच्या हाका ओळखू आल्या तेव्हा थप्पीवर खसखस पिकली, मग त्याच हाका लांबत लांबत घंटेसारख्या झाल्या आणि सगळे चूप झाले. पोती पावलांसारखी चालायला लागली. मी माझा नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे करत होते आणि मला माहीत होतं की बरोबर होतंय.

शेवट आला. हाका गेल्या. पोती गेली. काटा गेला. पत्रा गेला. उरली धूळ.

घरच्या खोलीत ती नुसती एक सरसर होती. त्या शेडमध्ये, त्या उंच पत्र्याखाली, ती चारी खांबांतून झरायला लागली. आपण एका भल्यामोठ्या पोत्याच्या तळाशी बसलोय आणि वरून हळद पडतेय, पडतेय, आणि अंगाला काहीच लागत नाहीये. माझे डोळे मिटले गेले. मामानं माझ्याकडे बघितलं असणार. त्याला दिसलं असणार, माझा हात नॉबवर आहे, डोळे मिटलेत, आणि शेड चिडीचूप आहे.

मी डोळे उघडले तेव्हा मामा टेबल सोडून पुढे गेला होता. लोकांसमोर उभा राहून त्यानं हात जोडले होते.

कुणीही टाळी वाजवली नाही. वाजत होतं ना अजून. लोक मान वर करून ऐकत होते. एका हमालाची तंबाखू मळता मळता तळहातावर तशीच राहिली होती. मामा हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. मग ते हसू दमायला लागलं. त्यानं आईकडे बघितलं. आई तोंड किंचित उघडं ठेवून पत्र्याकडे बघत होती. त्यानं केंकरे मॅडमकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मामाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला कळलं होतं, आवडलेलं नाही. कुणालाच नाही. इतकं नाही आवडलं, की एक टाळीसुद्धा नाही. तो असं समजतोय हे मला बाजूनं, त्याच्या नुसत्या मानेवरून दिसत होतं, आणि माझ्या हातात काहीच उपाय नव्हता. हाक मारावी तर ती त्या धुळीत सगळ्यांना ऐकू गेली असती. त्याला ऐकू येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. नॉब एकदम खाली ओढावा तर कुणीतरी वायर उपटल्यासारखं झालं असतं आणि सगळी शेड टेबलाकडे वळली असती. मी तो हळूहळू, हळूहळू खाली आणत राहिले. तेवढा सगळा वेळ मामा हात जोडून उभा होता. त्याची बोटं एकमेकांपासून सुटायला लागली. हात खाली यायला लागले.

तेव्हा संपलं.

थप्पीवरच्या हमालानं आधी टाळी वाजवली, आणि मग पत्रा उडेल अशा टाळ्या. मामा दचकला. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

गर्दीतून वाट काढत तो मला मोठ्या काट्यामागे घेऊन गेला. "कधी संपलं?"

"आत्ता. टाळ्यांच्या आधी."

"म्हणजे मी उभा होतो तेव्हा?"

"वाजत होतं."

"काय?"

"धूळ."

त्यानं मान हलवली. एसटी गेली म्हणून कुणी सांगितल्यावर हलवतात तशी.

केंकरे मॅडम आम्हाला शोधत तिथेच आल्या. डोळे पुसलेले दिसत होते. त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले. बाकी सगळं चांगलंच होतं, म्हणाल्या, पण तो शेवट. सगळं काढून घेतलंत आणि टेबलसुद्धा सोडून स्वतः श्रोत्यांसमोर श्रोता होऊन उभे राहिलात, हात जोडून, त्या एवढ्याशा आवाजापुढे. त्यांनी इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तिकडे हाच शेवट हवा, जसाच्या तसा, आणि तिथे मंचावर फक्त तुम्ही एकटे.

मामानं हात सोडवून घेतले. "मॅडम, मला वाटलं संपलं. म्हणून पुढे आलो. ते जे वाजत होतं ते मला ऐकू येत नव्हतं."

केंकरे मॅडमनी पुन्हा त्याचे हात धरले. मग हळूच म्हणाल्या, "हे असंच लिहून द्या मला. एक शब्दही बदलू नका."

"मॅडम, मी खरं सांगतोय. मिरजेच्या डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे."

"मला कळतंय हो," त्या म्हणाल्या आणि त्याच्या दंडावर थोपटलं. "मला कळतंय."

आईनं त्या रात्री आळीभर पेढे वाटले. बाबांनी कारखान्यातल्या मित्राला फोन करून जागा नको म्हणून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका मोठा होता की फोनची गरज नव्हती. मी गच्चीवर मामाला म्हटलं, नको जाऊस. तो कठड्याला टेकून उभा होता. नाही म्हणायला कारण काय सांगू, म्हणाला. एकच खरं कारण आहे, आणि ते सांगितलं की लोक खूश होतात.

घरातही त्यानं एकदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, एवढं सुंदर केलंस आणि म्हणे ऐकू येत नाही, दृष्ट लागू नये म्हणून बोलतोस का. मशीनही त्यानं आणलं. त्यामुळे बाबांचे विनोद स्पष्ट ऐकू यायला लागले, एवढाच फरक पडला. हे लिहू का म्हणून परवा त्याला विचारलं, तर लिही म्हणाला. आता त्याच्यावर लेख येतात, इंग्रजीतही येतात, आणि प्रत्येकात मॅडमनी लिहून मागितलेलं ते वाक्य मोठ्या अक्षरांत असतं.

जायच्या आधी महिनाभर आम्ही तालीम केली. धूळ किती वेळ झरायची ते त्यानं कॉम्प्युटरमध्ये पक्कं करून टाकलं, आपोआप संपेल असं. तो हात जोडून उभा राहायचा आणि मनात आकडे मोजायचा. मी समोर बसून, संपलं की मान हलवायचे. कधी तो आधी हात खाली करायचा, कधी नंतर. शेवटी शेवटी जमायला लागलं होतं. पण माझी मान हलल्याशिवाय त्याला खात्री पटायची नाही.

स्वीडनहून व्हिडिओ आला तेव्हा आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. केवढं मोठं सभागृह, निळा उजेड, आणि मध्ये मामा, काळा सदरा घातलेला. आमच्या यार्डातल्या हाका तिथे त्या बर्फातल्या गावात वाजत होत्या. बाबांनी तीन वेळा मागे घेऊन आपल्या ओळखीच्या हमालाचा आवाज ऐकला. मग शेवट आला. सगळं एकेक करून गेलं. मामा पुढे आला आणि त्यानं हात जोडले. ओठ किंचित हलत होते. बघणाऱ्याला वाटावं प्रार्थना करतोय.

धूळ झरत होती. बारीक होत गेली. अजून बारीक. आणि संपली.

मामा उभाच होता.

समोरचं सभागृहही तसंच. एवढा मोठा कलाकार अजून हात जोडून ऐकतोय म्हणजे काहीतरी वाजतच असणार, आपल्याला पकडता येत नाही एवढंच, असं वाटून लोक पुढे झुकले होते. कॅमेरा त्यांच्यावरून फिरला. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. पुन्हा मामावर आला. त्याचे ओठ हलायचे थांबले होते. मोजणी कुठेतरी चुकली होती. त्याचे डोळे पहिल्या रांगेवरून फिरत होते, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

"किती शांत उभा राहिलाय बघा," आई कुजबुजली. बाबांनी हातातला कप आवाज न करता खाली ठेवला.

"मामा, संपलं," मी म्हणाले.

आईनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"गप," ती म्हणाली. "ऐकू दे."